लिसमध्ये नांगर जात नाही

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी पुरातत्त्वाची अभ्यासक नाही, हे आधीच सांगते. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. गेली बारा वर्षं मी आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क काउंटीत, एका औषध कारखान्यात नोकरी करते. राहते मात्र खेड्यात. आज बोलायचं आहे ते तिथल्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल.

खिडकीतून शेजाऱ्यांचं कुरण दिसतं, आणि त्या हिरव्या कुरणाच्या मधोमध झाडांचं एक गोल बेट. हॉथॉर्नची काटेरी झुडपं, ॲशची दोन उंच झाडं, खाली जाळी. माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, ही देवराईच. जवळ गेले तर झाडांच्या खाली मातीचा बांध निघाला. छातीएवढा उंच, गवतानं माखलेला, गोल फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळालेला. बांधाच्या बाहेरून एक चर, बराचसा बुजलेला. आत चाळीसेक पावलं रुंद मोकळी जागा. पूर्वेला बांधात एक खिंड, तेवढीच आत जायची वाट.

शेताचे मालक तेव्हा सत्तरी ओलांडलेले. मी परवानगी मागायला गेले. ते म्हणाले, "जा की आत. फक्त काही तोडू नको, आणि आतलं काही उचलून आणू नको." मी कारण विचारलं. म्हणाले, "वडिलांनी तिथं कधी नांगर घातला नाही."

एवढंच. आणि विषय बदलून ते पावसावर बोलायला लागले.

या जागेला इंग्रजीत रिंगफोर्ट म्हणतात. आयरिश भाषेत मातीच्या बांधाची असेल तर 'रा' किंवा 'लिस', दगडाची असेल तर 'कॅशल' किंवा 'कॅहर'. 'रा' म्हणजे मुळात भोवतालचा मातीचा बांध आणि 'लिस' म्हणजे आतली मोकळी जागा, असा फरक जुने जाणकार सांगतात. बोलण्यात दोन्ही एकच झाले आहेत. आयर्लंडचा नकाशा उघडला की हे शब्द जागोजागी सापडतात; 'रा' तिथं इंग्रजी वळणानं 'रॅथ' होतो. डब्लिनमधलं रॅथमाइन्स, रॅथगार, रॅथफार्नम. वॉटरफर्डमधलं लिसमोर, केरीमधलं लिस्टोवेल. लिसमोर म्हणजे मोठा लिस. आपल्याकडे 'वाडी', 'खेडे', 'पिंपळ' गावांच्या नावांत जसे मुरलेले आहेत तसंच.

'फोर्ट' या शब्दानं आपली फसगत होते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच रायगड येतो, बुरूज येतात, तोफा येतात. लिसमध्ये यातलं काहीही नाही. लिस म्हणजे एका शेतकरी कुटुंबाचं घर आणि अंगण. आयर्लंडच्या दोन्ही भागांत मिळून अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे. त्यातल्या बहुतेक इ.स. 600 ते 900 या तीन शतकांतल्या. बहुतेकांना एकच बांध, आतला व्यास साधारण 30 मीटर. बांध बांधायची रीत अगदी सोपी: गोल चर खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला टाकत जायची. वर कधी लाकडी मेढेकोट, कधी नुसती काटेरी झुडपं. दार बहुधा पूर्वेला किंवा आग्नेयेला, कारण आयर्लंडमधला झोंबणारा वारा आणि पाऊस पश्चिमेकडून येतो. पहाटेचं ऊन थेट अंगणात.

बांध कशासाठी? गाईंसाठी. त्या काळात आयर्लंडमध्ये नाणी नव्हती. श्रीमंती गाईंत मोजायची, दंड गाईंत भरायचा, कर्ज गाईंत द्यायचं. सुखवस्तू शेतकऱ्याला तिथल्या जुन्या कायद्यांत 'बोअरे' म्हणतात, त्यातला 'बो' म्हणजे गाय. हा 'बो' आणि संस्कृतातला 'गो' एकाच मुळाचे. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचं 'क्री गाव्लख' नावाचं एक कायद्याचं पुस्तक आहे. समाजात कोणाची पायरी कोणती, कोणाकडे किती गाई हव्यात, घर किती फुटांचं हवं, सगळं त्यात बारकाईनं लिहिलेलं. राजाच्या वाड्याचं माप दिलं आहे सात विसा फूट, म्हणजे 140 फूट. हो, सात विसा! आपल्या आज्या मोजायच्या तसं. आयरिश 'फिहे' आणि आपला 'वीस' हेही भाऊबंदच. त्याच पुस्तकात म्हटलंय की कुळांनी खणलेला चर भोवती असेल तोच खरा राजा. म्हणजे दुसरा-तिसरा चर हा संरक्षणापेक्षा दिमाखाचा जास्त. माझ्यासाठी किती माणसं राबतात, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

अर्थात हे सगळं गोडगोड नव्हतं. त्याच कायद्यांत मोजदादीचं एक मोठं परिमाण आहे 'कुमल', आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ दासी. एक दासी म्हणजे अमुक इतक्या गाई. या गोल अंगणांत अशा बायकाही दळण दळत होत्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींच्या नावानं एकही कथा उरलेली नाही.

गाई पळवणं हा त्या काळचा रोजचा प्रकार होता. महाभारतातलं गोग्रहण आठवा, किंवा आपल्या वीरगळांवर गाईंसाठी लढून पडलेला माणूस कोरलेला असतो तो आठवा. छातीएवढा बांध सैन्याला थांबवणार नाही. पण रात्री पाच-दहा चोर आले तर बिथरलेली गुरं त्या एका खिंडीतून हाकून नेताना त्यांचा घामटा निघणार, तोवर शेजारच्या लिसमधली माणसं धावून येणार. शिवाय लांडगे होते. आयर्लंडमध्ये ते अठराव्या शतकापर्यंत टिकून होते.

आत माणसं कशी राहत होती हे बऱ्याच ठिकाणी कळत नाही, कारण लाकूड कुजतं आणि उरतात फक्त खांबांचे खळगे. एका जागी मात्र नशीब उघडलं. उत्तरेला अँट्रिम काउंटीत डिअर पार्क फार्म्स नावाची जागा आहे. 1984 ते 1987 या काळात ख्रिस लिन यांनी तिथं उत्खनन केलं. तिथल्या माणसांनी जुनी घरं पाडून त्यावर माती टाकत तीच जागा पुन्हा पुन्हा वापरली होती, आणि खालचे थर पाण्यानं कायम भिजलेले राहिले. हवा नाही, म्हणून कुजणं नाही. तेराशे वर्षांपूर्वीच्या घराची भिंत जशी कोसळली तशीच सापडली.

भिंत कसली होती? कुडाची! कोकणातल्या, देशावरच्या जुन्या घरांना असायची तशी, फांद्या विणून केलेली. हेझेलच्या कोवळ्या लवचीक फांद्या उभ्या काठ्यांमधून गोल गोल विणलेल्या. मोठ्या घराला कुडाच्या दोन भिंती, एकीच्या आत एक, आणि मधल्या पोकळीत गवत, शेवाळ, पाला ठासून भरलेला. थंडी आत येऊ नये म्हणून. घर म्हणजे उपडं घातलेलं मोठं डालगंच म्हणा. एका गोल घराला मागून दुसरं लहान गोल घर जोडलेलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. कडेला बारीक फांद्यांचं अंथरूण. दाराची चौकट ओकची. झाडाच्या वर्तुळांवरून काढलं तर तो ओक इ.स. 648 मध्ये तोडलेला निघाला. ह्युएन त्संग आपल्या महाराष्ट्रातून फिरून गेल्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. अंथरुणाच्या कचऱ्यात किडे मिळाले, माणसाच्या अंगावरच्या उवासुद्धा. मला त्या उवांनीच खरं हलवलं. सोन्याच्या दागिन्यांनी माणूस दूर जातो, तो राजा होऊन बसतो. उवांनी जवळ येतो. त्या अंथरुणावर कोणीतरी आपल्या मुलीच्या केसांतून बोटं फिरवत बसलं असणार.

आमच्या कॉर्कमध्ये गॅरेन्स इथं तीन बांधांचा मोठा लिस आहे. 1937 मध्ये शॉन ओ रीअर्दान यांनी तो उकरला, तेव्हा कांस्य ओतणाऱ्या कारागिरांच्या मुशी आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांची खापरं मिळाली. तो नक्की राजघराण्यातला. पण बाकी हजारो लिस हे साध्या शेतकऱ्यांचे, हे विसरायचं नाही.

आता भुयारांकडे येते, कारण इथून लोककथा सुरू होतात. कित्येक लिसच्या पोटात भुयार असतं. दगडांच्या कोरड्या भिंती रचलेल्या, वर मोठ्या शिळांचं छत. मध्ये मध्ये मुद्दाम इतकं अरुंद भोक ठेवलेलं की माणूस पोटावर सरपटतच पुढं जाईल. आत लोणी, दूध ठेवत असावेत, कारण वर्षभर गारवा सारखाच राहतो. आणि हल्ला झाला की बायकामुलं आत. सरपटत येणाऱ्या चोराचं डोकं पहिल्यांदा बाहेर निघतं, आणि अंधारात आत कोण काय घेऊन बसलंय हे त्याला ठाऊक नसतं. रॉसकॉमन काउंटीत रॅथक्रोहन इथं अशा एका भुयारातून पुढं नैसर्गिक गुहेत उतरता येतं. तिचं नाव 'मांजरांची गुहा'. सौइन सणाच्या रात्री, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी, तिथून परलोकाचे जीव बाहेर पडतात अशी जुनी श्रद्धा. दारावरच्या दगडावर ओगम लिपीत कोरलेलं नाव आहे, 'मेद्वीचा पुत्र व्राइकी' याचं. मी आत गेले आहे. चिखल, काळोख आणि पाण्याचा टपटप आवाज. भूतबीत काही दिसलं नाही, पण बाहेर आल्यावर उजेड वेगळा वाटला, हे मनापासून सांगते.

विचार करा. हजार वर्षांनी त्या शेतात दुसरीच माणसं नांगरतायत. लिसमध्ये राहणं केव्हाच संपलंय. जमिनी गेल्या, मालक बदलले, भाषा बदलत चालली. कुरणात गोल बांध दिसतो, कोणी बांधला माहीत नाही. बैलाचा पाय खचतो आणि खाली पोकळ खोली निघते. तिच्यात माणूस उभा राहू शकत नाही, मग ती बुटक्या लोकांची असणार. काहींनी म्हटलं, हे डेन लोकांनी बांधलं. डेन म्हणजे व्हायकिंग. पण ते बरंचसं नावाच्या गोंधळातून आलं असावं. पुराणांतल्या देवकुळाचं नाव 'तूहा दे दानन', दानूची प्रजा. ते माणसांकडून हरले आणि जमिनीखाली राहायला गेले, अशी कथा. दानन आणि डेन, कानाला जवळ.

जमिनीखाली गेलेल्या त्या कुळाला 'शी' म्हणतात. मराठीत आपण सरसकट 'परी' म्हणून मोकळे होतो, ते इथं अजिबात चालणार नाही. पंख, छडी, चमचमता झगा, यातलं काही नाही. हे माणसाएवढेच, माणसासारखेच, गाई पाळणारे, लग्नं करणारे, हर्लिंगचा खेळ खेळणारे आणि चटकन रागावणारे शेजारी आहेत. त्यांचं नाव उघड घ्यायचं नाही. 'दीना माहा' म्हणायचं, भली माणसं. साप म्हणू नये, 'लांबडं' म्हणावं; अंगावर फोड आले तर 'देवी आल्या' म्हणावं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

नियमही तसेच. लिसवरचं हॉथॉर्न तोडू नये. आतला दगड घराच्या भिंतीला वापरू नये. रात्री आत वाजणाऱ्या संगीताकडे जाऊ नये. घरातलं धुणं-भांड्याचं पाणी बाहेर भिरकावताना आधी हाळी द्यावी, कोणी अदृश्य वाटसरू भिजू नये म्हणून. आणि लिसजवळच्या एखाद्या ठरावीक मातीच्या ढेकळावर पाय पडला तर माणूस रात्रभर त्याच शेतात फिरत राहतो, फाटक समोर असून सापडत नाही. हा तर आपला चकवा! उपाय त्यांचा वेगळा: अंगातला कोट काढायचा, उलटा करून घालायचा, वाट दिसते.

या जागांच्या कथांमधली माझी सर्वांत आवडती टिपरेरी काउंटीतल्या नॉकग्राफ्टनची. तिथला मातीचा ढिगारा खरं तर पुढच्या काळातला, नॉर्मन लोकांचा, पण कथेला त्याचं काही पडलेलं नाही. एक कुबडा गरीब माणूस होता. गवताच्या टोप्या-टोपल्या विणून पोट भरायचा, टोपीत कायम फॉक्सग्लोव्हचं फूल खोवायचा, म्हणून त्याला त्या फुलाच्याच नावानं लुस्मोर म्हणत. एका रात्री दमून त्या ढिगाऱ्याशी बसला. आतून गाणं येत होतं: "दा लूअन, दा मोर्त." सोमवार, मंगळवार. सोमवार, मंगळवार. पुन्हा पुन्हा तेच दोन वार. गोड सूर, पण अडकलेला. लुस्मोर ऐकत राहिला, आणि एका विरामात त्यानं हळूच, त्याच सुरात जोडलं: "अगस दा केदीन." आणि बुधवार. आतले इतके खूश झाले की त्याला आत नेलं, मानपान केला आणि पाठीवरचं कुबड उतरवून घेतलं. सकाळी तो ताठ उभा होता. दुसऱ्या गावात दुसरा कुबडा होता, तिरसट. त्याला ही बातमी लागली. तोही येऊन बसला आणि लगेच, ना विरामाची वाट पाहिली ना सुराची, ओरडून पुढचे वार घुसवले. आतल्यांनी लुस्मोरचं उतरवलेलं कुबडही त्याच्या पाठीवर चढवून दिलं.

ही कथा चांगुलपणाची आहे असं सगळे म्हणतात. मला ती ऐकण्याची वाटते. पहिल्यानं आधी ऐकलं. आयरिशमध्ये बुधवार म्हणजे 'पहिला उपास', शुक्रवार म्हणजे 'उपास' आणि गुरुवार म्हणजे 'दोन उपासांमधला'. जमिनीखालच्या जुन्या देवांच्या गाण्यात एका कुबड्यानं ख्रिस्ती उपासाचा वार बसवला आणि त्यांना तो आवडलाही.

आता जे सांगायचं आहे ते गोड नाही, आणि ते वगळून या विषयावर बोलणं मला बरोबर वाटत नाही. 1895 साली, त्याच टिपरेरीत, बॅलिव्हॅडली गावात ब्रिजेट क्लिअरी नावाची 26 वर्षांची बाई राहत होती. शिवणकाम करायची, स्वतःचं शिवणयंत्र होतं, कोंबड्या पाळून अंडी विकायची. चार पैसे स्वतःचे असलेली, नीटनेटकी. मार्चमध्ये ती आजारी पडली. नवऱ्याच्या, मायकलच्या, मनानं घेतलं की ही आपली बायको नव्हे. 'शी' माणसांना उचलून नेतात आणि त्यांच्या जागी तसंच दिसणारं आपलं काहीतरी ठेवतात, ही तिथली जुनी समजूत. काढे पाजले, धरून ठेवलं, "तू ब्रिजेटच का?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. घरात तिचा बाप होता, नातेवाईक होते. 15 मार्चच्या रात्री तिला जाळलं. त्यानंतर मायकल जवळच्या किलनग्रॅना इथल्या लिसपाशी रात्री जाऊन बसत होता, हातात सुरी घेऊन. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल आणि आपण तिची बंधनं कापून तिला सोडवू, या आशेनं. 22 मार्चला पोलिसांना तिचं प्रेत उथळ खड्ड्यात मिळालं. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी 20 वर्षांची शिक्षा झाली; 1910 मध्ये तो सुटला. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी त्या प्रकरणाचा वापर आयरिश लोक स्वराज्याला लायक नाहीत हे सांगायला केला. तिच्यासाठी न्याय मागणं राहिलं बाजूलाच.

म्हणून "किती सुंदर श्रद्धा, झाडं वाचली, बांध वाचले" असं कोणी म्हटलं की मला ब्रिजेट आठवते. झाडं वाचली हे खरंच आहे. पण त्याच श्रद्धेनं एका बाईचं बाईपण नाकारलं, हेही तितकंच खरं.

आणि तरी बांध वाचले ते कशामुळे? कायद्यामुळे तर नाही. ब्रिटिश सरकारनं 1824 पासून आयर्लंडची मोजणी सुरू केली, एका मैलाला सहा इंच या मापाचे नकाशे केले. त्या पहिल्या नकाशांवर हे गोल इतके आहेत की काही पत्रकांना देवीचे व्रण पडल्यासारखे दिसतात. (जाता जाता: ती मोजणी बघायला जॉर्ज एव्हरेस्ट 1829 मध्ये आयर्लंडला गेला होता आणि तिथली मोजपट्ट्यांची पद्धत त्यानं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात आणली.) मोजणीवाल्यांनी नोंद केली, पण राखण कोणी केली नाही. मोठमोठ्या जागांचेही हाल झाले. 1899 ते 1902 या काळात टारा टेकडीवर, जिथं आयर्लंडच्या राजांचं स्थान मानतात, काही इंग्रज मंडळींनी बायबलमधला 'कराराचा कोश', म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेली पेटी, तिथं पुरलाय अशा समजुतीनं एक गोल बांध उकरून टाकला. विल्यम येट्स, डग्लस हाइड, जॉर्ज मूर या लेखकांनी वर्तमानपत्रात निषेध केला, स्वातंत्र्यवादी मॉड गॉन यांनी आवाज उठवला. ते टारा होतं म्हणून एवढं तरी झालं. माझ्या खिडकीसमोरच्या लिससाठी पत्र कोणी लिहिलं असतं? त्याला राखलं ते शेतकऱ्याच्या घरातल्या बोलण्यानं.

ते बोलणं कागदावर उतरलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. 1935 मध्ये आयर्लंडनं लोकसाहित्य आयोग स्थापन केला. 1937 ते 1939 मध्ये सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं, निबंधाऐवजी घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. विषयांची यादी दिली: देवाच्या विहिरी, पिकं, रोगांवरचे उपाय, आणि परींचे किल्ले. जमली सुमारे 7,40,000 पानं. आज ती डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. हस्ताक्षरं उतरवून काढायचं काम स्वयंसेवक करतात, त्या उपक्रमाचं नाव 'मेहल'. मेहल म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं. आपली इर्जिक! मी हिवाळ्यात रात्री अशी पानं उतरवत बसते. मुलं फार नेमकी लिहितात. लिस कोणाच्या शेतात, किती पावलं रुंद, दार कुठल्या दिशेला, आत कुठली झाडं, कोणी फांदी तोडली आणि त्याच्या घरात पुढं काय झालं. पुरातत्त्ववाले याहून वेगळं काय लिहितात?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुलडोझर आले, जमीन सपाट करायला अनुदानं आली, आणि हजार-बाराशे वर्षं टिकलेले बांध एका दुपारीत नाहीसे होऊ लागले. कायदा 1930 पासून होता, 1994 मध्ये तो कडक झाला. नोंद असलेल्या जागेत काही करायचं तर दोन महिने आधी कळवावं लागतं. 2012 मध्ये केरीत एक लिस सपाट केल्याबद्दल न्यायालयानं शेतकऱ्याला 25,000 युरो दंड केला. पण गावात विचारलं तर दंडाची गोष्ट कमी जण सांगतात. ते सांगतात 1999 ची. क्लेअर काउंटीत लटून इथं महामार्गाच्या आड एक एकटं हॉथॉर्न येत होतं. कथा सांगणारे एडी लेनिहान यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की मन्स्टर प्रांताचे 'शी' कॉनॉट प्रांताच्या 'शीं'शी लढायला जाताना इथं जमतात, हे तोडाल तर रस्त्यावर माणसं मरतील. रस्त्याची आखणी सांभाळून घेतली, झाड राहिलं. 2002 मध्ये कोणीतरी करवतीनं त्याच्या फांद्या छाटल्या. ते पुन्हा फुटलं. आणि 2017 मध्ये केरीचे एक आमदार जाहीरपणे म्हणाले की केरीतला एक महामार्ग पुन्हा पुन्हा खचतोय तो जवळच्या लिसमुळे, आणि आपण उपाशी राहू पण असल्या जागेला यंत्र लावणार नाही. शहरातले हसले. आमच्या खेड्यात कोणी हसलं नाही.

मलाही बरीच वर्षं वाटायचं, हे सगळं भीतीनं टिकलंय. शेजाऱ्यांच्या वडिलांनी नांगर घातला नाही, तो भीतीनं.

एक गोष्ट राहिली. आयर्लंडमध्ये बाप्तिस्मा व्हायच्या आधी मेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र मातीत जागा मिळत नसे. त्या आत्म्याला स्वर्गही नाही, नरकही नाही, मधल्या 'लिंबो'त राहायचं, असं धर्म सांगत होता. मग बाप, काका, कोणी एक पुरुष रात्री लहानशी पेटी काखेत घेऊन निघायचा आणि जिथं कोणी नांगरणार नाही, खणणार नाही, अशा जागी पुरून यायचा. पडक्या देवळाच्या उत्तरेला, समुद्राच्या काठी, दोन गावांच्या शिवेवर. आणि लिसमध्ये. अशा जागांना 'किलीन' म्हणतात. पाद्री नाही, प्रार्थना नाही, नाव नाही. खुणेला एक दगड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. लिंबोची ती समजूत सोडून आशा ठेवायला हरकत नाही, असं व्हॅटिकनच्या धर्मपंडितांनी लिहिलं 2007 मध्ये.

माझ्या तिथल्या नवव्या वर्षी, मे महिन्यात, शेताच्या म्हाताऱ्या मालकांनी स्वतःहून हाक मारली. चल म्हणाले. काठी टेकत पूर्वेच्या खिंडीतून आम्ही आत गेलो. ब्लूबेल फुललेले होते, सगळी जमीन निळी. उत्तरेच्या बांधाला धरून त्यांनी काठीनं जाळी बाजूला केली. गारगोटीचे पांढरे दगड, मुठीएवढे, ओळीनं. मी इतक्या वेळा आत आले होते, मला कधी दिसले नव्हते.

"हा आमचा," ते म्हणाले. त्यांच्या आधीचा भाऊ. दोन दिवस जगला होता. वडिलांनी एकट्यानं आणला, आणि आईला कुठला दगड ते कधीच सांगितलं नाही. तिनं मरेपर्यंत विचारलं नाही. पण परसदारी उभी राहून ती रोज संध्याकाळी या झाडांकडे बघायची.

बाकीचे कोणाचे, मी विचारलं. ते म्हणाले, "ते त्या त्या घरांना माहीत."

त्यांनी जाळी होती तशी पुन्हा सारली. बाहेर आल्यावर फाटकाची कडी लावली, आणि म्हणाले, पाऊस येणार आज.